राणी गुडघ्यावर का बसते?

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर आहे. बोलताना दाखवलेली चित्रे इथे छापता आलेली नाहीत. त्यामुळे त्यांचे वर्णन मजकुरातच केले आहे.)

मी इतिहासाची अभ्यासक नाही. मी चित्रं काढते. बरीच वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि आपल्या चळवळीची पोस्टर्स, पुस्तिकांची मुखपृष्ठं, फ्लिपचार्ट असं जे लागेल ते काढून दिलं. म्हणून आज चित्रांबद्दलच बोलणार आहे. विषय जरा लांबचा वाटेल. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये इतिहासाची सचित्र पुस्तकं छापली गेली. त्यांत मध्ययुगातल्या राजा-राण्यांची चित्रं कशी काढली, हा तो विषय. तुम्ही म्हणाल, आमचा त्याच्याशी काय संबंध? तो कसा आला ते आधी सांगते.

१९९३ मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि ग्रामपंचायतीत बायकांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. त्यानंतर निवडून आलेल्या बायकांच्या एका शिबिरासाठी मी फ्लिपचार्ट काढला होता. एका पानावर गावची सरपंच बाई तालुक्याच्या साहेबांकडे पाण्याची मागणी करते आहे, असं चित्र होतं. मी मन लावून काढलं होतं. नऊवारीचा काठ, डोक्यावरचा पदर, चेहऱ्यावरचं आर्जव, सगळं जमलं होतं. चित्र दाखवून झालं आणि मागच्या रांगेतली एक सरपंच उठली. म्हणाली, "ताई, चित्र झ्याक हाय. पण साहेब खुर्चीत बसलाय अन् मी हात जोडून उभी. माझी खुर्ची कुठाय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण घरी जाताना ते वाक्य डोक्यातून जाईना. मला कुणी सांगितलं नव्हतं की बाईला हात जोडून उभी कर. मी स्वतःला स्त्रीवादी म्हणवते. मग हा हात माझा होता, की माझ्या हातात दुसऱ्या कुणाचा हात होता?

त्याच सुमारास रद्दीच्या दुकानात इंग्लंडच्या इतिहासाचा एक सुटा खंड मिळाला. पुठ्ठा गेलेला, पानं पिवळी पडलेली, पण पानोपानी चित्रं. लाकडावर कोरलेल्या ठशांची ती बारीक रेघांची चित्रं बघायला मला फार आवडतात, म्हणून घेतला. चाळत गेले तशी एक गोष्ट लक्षात आली. राजे घोड्यावर होते, सिंहासनावर होते, तलवार उगारून होते. राण्या गुडघ्यावर होत्या, पळत होत्या, रडत होत्या, नाहीतर कुणाला तरी विष देत होत्या. मग मी अशी आणखी पुस्तकं मिळेल तिथे बघत गेले. त्यातून जे कळलं ते आज सांगते.

आधी ही पुस्तकं आली कुठून ते बघू. अठराव्या शतकाच्या शेवटी टॉमस ब्यूइक नावाच्या इंग्रज कारागिराने लाकडावर कोरण्याची कला फार पुढे नेली. बॉक्सवुड या कठीण लाकडाचा आडवा छेद घ्यायचा आणि त्यावर बारीक हत्याराने कोरायचं. असा ठसा अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच फर्म्यात बसवता येतो आणि मजकूर व चित्र एकदम छापता येतं. तांब्याच्या पत्र्यावरचं चित्र वेगळं छापून पुस्तकात घालावं लागे आणि ते महाग पडे. लाकडी ठशामुळे चित्र स्वस्त झालं. १८३२ मध्ये चार्ल्स नाइट या प्रकाशकाने 'पेनी मॅगझीन' काढलं, एका पेनीचं सचित्र साप्ताहिक. पुढे त्यानेच इंग्लंडचा सचित्र इतिहास काढला. १८५० च्या दशकात कॅसेल या प्रकाशनसंस्थेने इंग्लंडचा सचित्र इतिहास हप्त्याहप्त्याने विकायला सुरुवात केली. ज्या घरात पूर्वी बायबलखेरीज पुस्तक नव्हतं, तिथे इतिहास गेला, आणि तो चित्रांतून गेला. वाचता न येणारी माणसंही चित्र बघतच होती. कोरलेल्या ठशाच्या धातूच्या प्रती काढता येत. त्यामुळे तेच चित्र एका पुस्तकातून दुसऱ्यात जाई. एकदा काढलेली राणी पन्नास वर्षं तशीच गुडघ्यावर बसून राही.

आता चित्रकारापुढची अडचण बघा. बाराव्या शतकातला राजा दिसायला कसा होता, हे कुणालाच माहीत नव्हतं. इंग्लंडच्या राजांपैकी ज्याचं त्याच्या हयातीत रंगवलेलं व्यक्तिचित्र आज टिकून आहे असा पहिला म्हणजे दुसरा रिचर्ड, आणि ते चित्र १३९० च्या दशकातलं. त्याआधीच्यांसाठी काय आहे? नाणी, राजमुद्रा, हस्तलिखितांतली चित्रं आणि थडग्यांवर कोरलेल्या निजलेल्या मूर्ती. त्यांतही चेहरा म्हणजे ठरीव राजाचा चेहरा. चित्रकारांनी अभ्यास केला नाही असं मुळीच नाही. जोसेफ स्ट्रटने १७७३ मध्ये हस्तलिखितांतून राजा-राण्यांची चित्रं नकलून छापली होती. चार्ल्स स्टॉथर्डने थडग्यांवरच्या मूर्ती जागेवर जाऊन रेखाटल्या. प्लांशे याने १८३४ मध्ये पोशाखांचा इतिहास लिहिला. त्यामुळे मुकुट कसा, बाही किती रुंद, बूट टोकदार की बोथट, हे पुष्कळदा नीट उतरलेलं असतं.

पण बाहीचा नमुना मिळाला म्हणून प्रसंग मिळत नाही. राणीच्या आयुष्यातला कोणता क्षण काढायचा हे प्लांशेच्या पुस्तकात नव्हतं. ते चित्रकाराला आणि प्रकाशकाला त्यांच्या स्वतःच्या काळाने सांगितलं. चार राण्यांची चार उदाहरणं देते.

पहिली मटिल्डा. राजा पहिला हेन्री याची मुलगी, जन्म ११०२ चा. लहानपणीच जर्मनीच्या सम्राटाशी लग्न झालं, म्हणून तिला सम्राज्ञी म्हणत. भाऊ बुडून मेला, ती विधवा होऊन परतली, आणि बापाने सरदारांकडून शपथ घेतली की माझ्यामागे हिला गादीवर बसवाल. ११३५ मध्ये बाप गेला आणि चुलत-आत्येभावंडांत जे होतं तेच झालं. तिचा आतेभाऊ स्टीफन धावत लंडनला आला आणि गादीवर बसला. शपथ घेतलेले सरदार त्याच्या बाजूला गेले. ती लढली. ११४१ मध्ये तिच्या सैन्याने लिंकन इथे स्टीफनला कैद केलं. 'इंग्रजांची स्वामिनी' हा किताब तिने घेतला. राज्याभिषेक व्हायचा, तोच लंडनकर उठले आणि तिला शहर सोडावं लागलं. पुढे ११४२ च्या हिवाळ्यात ती ऑक्सफर्डच्या किल्ल्यात वेढ्यात सापडली. अन्न संपलं. तेव्हा एका रात्री मोजके सरदार बरोबर घेऊन, पांढरी वस्त्रं पांघरून, बर्फातून, गोठलेली नदी ओलांडून ती निसटली.

या बाईच्या आयुष्यातला कोणता प्रसंग एकोणिसाव्या शतकाने काढला असेल? बर्फातलं पलायन. वारंवार तेच. वाऱ्यात उडणारं वस्त्र, मागे वळून बघणारा घाबरा चेहरा, सांभाळून नेणारे पुरुष. प्रसंग खरा आहे, आणि मोठ्या धैर्याचाही आहे. पण तिची स्वतःची मुद्रा आहे, तिच्या फर्मानांना लावलेली. त्या मुद्रेवर ती आसनावर समोर तोंड करून बसली आहे, डोक्यावर मुकुट, हातात राजदंड. आपण कसं दिसावं हे तिने स्वतः ठरवलं होतं! ते बाजूला राहिलं आणि बर्फातली बाई घराघरात गेली. स्टीफनचं बघा. तोही हरला, कैद झाला. पण बखरकारांनी लिहून ठेवलं आहे की तो शेवटपर्यंत कुऱ्हाडीने लढला, आणि चित्रासाठी तेवढं पुरतं. पुरुष हरला तरी वीर ठरतो. बाई निसटली की बिचारी होते.

मजकुरातही तेच. मटिल्डाच्या विरोधातल्या बखरकारांनी ती उर्मट होती, सल्ला ऐकत नव्हती, असं लिहिलं, आणि एकोणिसाव्या शतकाने ते तसंच पुढे चालवलं. तिचा बाप काही कमी कठोर नव्हता. पण त्याच्या कठोरपणाला राज्यकारभार म्हणतात. १९९१ मध्ये मार्जरी चिब्नल या विदुषीने मटिल्डाचं चरित्र लिहिलं. तिची फर्मानं, सनदा तपासून ती राजकारणी म्हणून कशी होती हे मांडलं. म्हणजे साडेआठशे वर्षं वाट बघावी लागली!

दुसरी एलिनॉर, अॅक्विटेनची. तिचा नवरा दुसरा हेन्री, मटिल्डाचाच मुलगा. एलिनॉर स्वतःच्या हक्काने मोठ्या मुलखाची धनीण होती. मुलांनी बापाविरुद्ध बंड केलं, तिने मुलांना साथ दिली, म्हणून नवऱ्याने ११७३ पासून ११८९ पर्यंत तिला कैदेत ठेवलं. सुटली तेव्हा साठीच्या पुढे होती. मुलगा रिचर्ड धर्मयुद्धावर गेला तेव्हा राज्य सांभाळलं, तो परमुलखात कैद झाला तेव्हा खंडणीचा पैसा उभा केला. आणि चित्रात ती काय करते? एका हातात सुरा आणि दुसऱ्या हातात विषाचा पेला घेऊन नवऱ्याच्या सुंदर प्रेयसीपुढे, रोझामंडपुढे, उभी आहे. यातलं निवड, म्हणते आहे. रोझामंड पाया पडते आहे.

ही गोष्ट खोटी आहे. रोझामंड ११७६ च्या सुमारास वारली तेव्हा एलिनॉर कैदेत होती. तिने मारल्याची कथा दीड-दोनशे वर्षांनी आली आणि विषाचा पेला त्याच्याही नंतर. पण एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांना ती फार भावली. बर्न-जोन्ससारख्या नावाजलेल्या चित्रकारानेही १८६० च्या दशकात ती रंगवली. सवतीसवतींचं भांडण! आपल्याला हे अनोळखी आहे का? राज्य चालवणाऱ्या बाईचं राज्य दिसत नाही, तिचा मत्सर दिसतो. आणि ज्याने दोघींना या जागी आणलं तो नवरा चित्रात नसतोच.

आता हे ऐका. फ्रान्समध्ये फोंतव्रो इथल्या मठात एलिनॉरचं थडगं आहे. त्यावर तिची निजलेली मूर्ती आहे. स्टॉथर्डने १८१६ मध्ये तिथे जाऊन ती रेखाटली, म्हणजे चित्रकारांना ती ठाऊक व्हायला वाव होता. शेजारी नवरा राजदंड घेऊन निजला आहे. तिच्या हातात काय आहे? उघडं पुस्तक. ती वाचते आहे. मेल्यावरही वाचते आहे. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मैत्रिणींनो, डोळ्यांत पाणी आलं. हातातलं पुस्तक काढून तिथे सुरा दिला!

तिसरी फिलिपा, तिसऱ्या एडवर्डची राणी. १३४७ मध्ये एडवर्डने कॅले शहर उपाशी मारून जिंकलं आणि सहा नागरिकांना देहदंड द्यायला निघाला. गरोदर राणीने गुडघे टेकून त्यांच्या प्राणांची भीक मागितली. बखरकार फ्रॉयसार्टने ही गोष्ट रंगवून सांगितली आहे. इंग्लंडच्या सचित्र इतिहासातलं हे अतिशय लाडकं चित्र. राजा उभा, राणी गुडघ्यावर. माझ्या फ्लिपचार्टवरचा साहेब आणि सरपंच!

मी फिलिपाला कमी लेखत नाही. माणसं वाचवणं मोठंच काम आहे. पण आदर्श राणी म्हणून मुलींपुढे ठेवलं ते काय? बाईने सत्ता वापरू नये, सत्ता असणाऱ्याचं मन वळवावं. आणि गंमत म्हणजे या चित्राने राजाचीही सोय होते. शहराला त्याने उपाशी मारलं हे मागे पडतं आणि तो बायकोचं ऐकणारा भला माणूस ठरतो.

चौथी कॅस्टीलची एलिनॉर. १२७२ मध्ये आक्रे इथे मारेकऱ्याने तिच्या नवऱ्यावर, पुढे राजा झालेल्या पहिल्या एडवर्डवर, वार केला. तिने जखमेतलं विष चोखून काढलं, अशी कथा आहे. ही कथाही मागाहून आलेली. पण पतीसाठी प्राण पणाला लावणारी पत्नी, मग काय, चित्र तयार. ही एलिनॉर जमिनी घेण्यात किती हुशार होती, तिने स्वतःची मिळकत कशी वाढवली, याचं चित्र कोण काढणार?

आता काळ बघा. १८३७ पासून इंग्लंडच्या गादीवर व्हिक्टोरिया राणी होती. गादीवर बाई, आणि घरातल्या लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या कमाईवर हक्क नाही. तो थोडाफार १८७० च्या कायद्याने आणि नीटसा १८८२ च्या कायद्याने मिळाला. संसदेसाठी मत मिळायला १९१८ उजाडलं, तेही तिशीच्या पुढच्या काही बायकांना. सगळ्यांना पुरुषांसारखं मत १९२८ मध्ये. अशा समाजाला राणी हवी होती, पण राज्य करणारी बाई डोळ्यांपुढे नको होती. म्हणून मध्ययुगातल्या राण्यांना एकोणिसाव्या शतकातल्या दिवाणखान्यातल्या बायकोचं मन दिलं आणि वरून बाराव्या शतकातली बाही चढवली. बाही खरी असल्यामुळे मनही खरं वाटलं.

मग बायका काय करत होत्या? त्या या कामात होत्या, आणि ही गुंतागुंत आपण समजून घ्यायला हवी. अॅग्नेस आणि एलिझाबेथ स्ट्रिकलंड या बहिणींनी १८४० ते १८४८ या काळात इंग्लंडच्या राण्यांची चरित्रं बारा खंडांत लिहिली. मूळ कागद बघायची परवानगी मागितली तर गृहमंत्र्याने आधी नाकारली. त्यांनी पिच्छा पुरवला आणि मिळवली. पुस्तक तुफान खपलं. एलिझाबेथने निम्मं काम केलं, पण तिने आपलं नाव छापू दिलं नाही. तरीही या ग्रंथात स्टीफनच्या राणीला स्वतंत्र चरित्र आहे आणि सम्राज्ञी मटिल्डाला नाही. ती राजाची राणी नव्हती ना! ती स्वतःच गादी मागत होती. चौकट ठरली की चौकटीबाहेरची बाई सगळ्यात मेहनती अभ्यासक बाईच्याही हातून निसटते.

लेडी कॉलकॉट हे नाव आपल्या जवळचं आहे. तिचं आधीचं नाव मराया ग्रॅहम. १८०९ मध्ये ती मुंबईला आली होती आणि हिंदुस्थानातल्या वास्तव्याचं तिचं पुस्तक १८१२ मध्ये निघालं. तिनेच पुढे आजारपणात अंथरुणावरून छोट्या आर्थरसाठी इंग्लंडचा इतिहास लिहिला. तो १८३५ मध्ये छापला आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी वाचला. बाईने लिहिलेला इतिहास, आणि ऐकणारा मात्र आर्थर. आर्थरची बहीण कुठे होती, असं मला विचारावंसं वाटतं.

आणि कोरणाऱ्या हातांतही बायका होत्या. डॅल्झिएल बंधू हा कोरीव कामाचा लंडनमधला मोठा कारखाना. त्यांची बहीण मार्गारेट तिथे वर्षानुवर्षं कोरत होती. ठशाच्या कोपऱ्यात सही मात्र 'डॅल्झिएल' एवढीच, आणि कारखान्याचं नाव 'बंधू'. गुडघ्यावर बसलेल्या एखाद्या राणीचा पदर एखाद्या बाईनेच कोरला असेल, दिवसभर वाकून, डोळे फोडून. तिला मी दोष देऊ शकत नाही. मी स्वतः सरपंच बाईचे हात जोडले होते.

म्हणून सांगते, हा प्रश्न केवळ इंग्लंडचा नाही, केवळ पुरुष चित्रकारांचाही नाही. इंग्रजी राज्यात ही पुस्तकं, हा इतिहास, चित्र काढायची ही रीत आपल्या शाळांतही आली. आपल्या राण्यांकडे जरा त्या नजरेने बघा. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य केलं. आपल्या डोळ्यांपुढे चित्र कोणतं येतं? हातावर शिवलिंग. न्यायनिवाडा करणाऱ्या, हिशेब तपासणाऱ्या अहिल्याबाईंचं चित्र आपल्यापैकी किती जणींनी पाहिलं आहे? १७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यावर ताराबाईंनी पंचविशीत औरंगजेबाशी लढा चालवला. त्यांची मसलत, किल्लेदारांना लिहिलेली पत्रं, हे चित्राचे विषय का होत नाहीत?

शेवटी कामाचं. कोणतंही चित्र हाती आलं, पाठ्यपुस्तकातलं असो, कॅलेंडरवरचं असो की आपल्याच पोस्टरवरचं, तर गटात बसून हे प्रश्न विचारा. कोण उभं आहे, कोण बसलं आहे आणि कशावर? कुणाच्या हातात काय आहे? कोण कुणाकडे बघतं आहे? बाईच्या अख्ख्या आयुष्यातला हाच क्षण का निवडला? तिने स्वतः मागे ठेवलेलं काही आहे का, मुद्रा, पत्र, सही, आणि त्यात ती कशी दिसते? आणि चित्रात कोण नाही? लिहिता न येणाऱ्या बायकाही या प्रश्नांची उत्तरं धडाधड देतात, हा माझा अनुभव आहे. त्या सरपंच बाईने तर प्रश्नच शिकवला.

२०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. खुर्च्या कायद्याने मिळाल्या. त्यांवर बसलेली बाई अजून आपल्या डोळ्यांना सवयीची झालेली नाही, आणि डोळ्यांना सवय लावायचं काम चित्रांचं आहे.

ते फ्लिपचार्टचं पान मी पुन्हा काढलं. टेबलाच्या अलीकडे खुर्ची, खुर्चीवर ती, पुढ्यात पाण्याच्या योजनेचा कागद, बोट एका आकड्यावर. पदर डोक्यावर तसाच ठेवला, कारण तो तिचा होता. पुढच्या शिबिरात ते तिला दाखवलं. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आता साहेबाला बी नीट बसवा. त्याला माझं ऐकायचंय."